पातेऱ्याची माती : नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

१९ जानेवारी, रविवार

गेल्या पावसाळ्यात गटातल्या बायकांना मिरची-वांग्याची ४०० रोपं करून देते म्हणाले होते. दिली १५०, तीही किडकिडीत. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट आणली, भिजवली, ट्रे भरले. बी झकास रुजलं आणि दोन पानांवर येऊन रोपं तशीच उभी राहिली. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण त्यात रोपाला खायला काही नसतं. शिवाय नीट धुतलेलं नसेल तर खार असतो. मी वीट भिजवली होती, धुतली नव्हती. चूक माझीच, पण पैसे गेले ते गेलेच.

यंदा बी रुजवायची माती घरीच करायची. सामान तर रोज अंगणात पडतंय. परड्यात तीन फणस, आंब्याची अकरा कलमं, बांधावर साग, मागच्या उताराला ऐन आणि किंजळ, कुंपणाला गिरीपुष्प. दापोली तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जानेवारी संपत आला की पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, घोट्यापर्यंत साचतो.

दरवर्षी हा पातेरा जातो भाजावळीत. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. भाताचा तरवा, म्हणजे रोपवाटिका, जिथे करायचा त्या तुकड्यावर आधी शेण, मग तोडलेलं कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, त्यावर पातेरा आणि गवत, वरून मातीचा थर असं रचून पावसाआधी पेटवायचं. हाच राब. वरची दोन-तीन बोटं माती भाजली की तणाचं बी मरतं, राखेतलं पालाश लगेच रोपाला मिळतं, आणि तरव्यात बेणणी, म्हणजे तण काढणं, जवळजवळ करावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे उगाच करत नाहीत.

माझा बेत त्याच दोन वस्तूंचा, शेण आणि पातेरा. फक्त आग न लावता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या म्हणाल्या, "गो, काडी लावलीस तर एका सांजेचं काम. चार महिने कसली उठाठेव करतेस?"

बघू.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर सकाळी एक तास गोळा करून ४० गोणी पातेरा झाला. ४० म्हणजे पुष्कळ वाटतात, पण सागाचं एक पान जेवणाच्या ताटाएवढं. गोणीत निम्मी हवाच.

निलगिरी आणि सुरूचा पाला वगळला. आंब्याची पानं चामड्यासारखी, कुजायला हट्टी, म्हणून ती पाचात एक एवढीच घेतली. फणसाची बऱ्यापैकी मऊ. ऐन-किंजळीची सर्वांत सोयीची.

बारीक करायला यंत्र नाही. पत्र्याच्या पिंपात अर्ध्यापर्यंत पानं भरली आणि वरून ग्रास कटर दोरीचं मुंडकं लावून आत सोडला, मिक्सरसारखा. धूळ अशी उडते की ओढणी तोंडाला बांधूनही संध्याकाळपर्यंत नाकातून काळं येत होतं. पानं वाळून कडकडीत असली तरच हे जमतं. सकाळी दव होतं तेव्हा दोरीला लगदा गुंडाळला, आणि एक तास गाठी सोडवण्यात गेला.

४० गोणींच्या १४ झाल्या.

३० जानेवारी

शेणाची बोलणी. बाळाकाकांकडे दोन गाई आणि एक म्हैस. ते सरळ म्हणाले, "शेण फुकट नाय गो. माझाही राब आहे." योग्यच आहे. पैसे मात्र घेईनात. शेवटी सौदा असा ठरला: आठवडाभराचं शेण मला, बदल्यात जुलैमध्ये मिरचीची २५ रोपं त्यांना. "जगलेली," असं त्यांनी मुद्दाम म्हटलं. गेल्या वर्षीची रोपं त्यांनीही पाहिली आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला ढीग रचला. फणसाखाली, सावलीत, जमीन थोडी उंच आहे तिथे.

मापं घमेल्याची: ५१ घमेली बारीक पानं, १७ घमेली ताजं शेण, दोन भारे गिरीपुष्पाचा हिरवा पाला. म्हणजे तिनास एक. हिशोब असा. सुक्या पानांत एक भाग नत्राला ५०-६० भाग कर्ब असतो, ताज्या शेणात २० च्या आसपास. जिवाणूंना २५-३० लागतो. त्याहून नत्र कमी पडलं तर ढीग थंड राहून वर्षभर कुजत बसतो. जास्त झालं तर ते अमोनिया होऊन उडून जातं आणि शेजारी नाक धरतात. घमेल्याने तिनास एक दिसत असलं तरी वजनाने शेणच जास्त, कारण पानं हलकी आणि शेणात पाणी भरपूर. म्हणून कुणी "शेण किती किलो?" विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

पाण्याने घात केला असता. वाळलेल्या पानावरून पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं. वरून बादल्या ओतून काही होत नाही. मग शेणाचा पातळ काला केला आणि पानं थोडी थोडी त्यात बुचकळून काढली. हात कोपरापर्यंत बरबटले, पण पान न् पान ओलं झालं. खूण एकच: मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, हात कोरडा तर कमी.

खाली जाड काटक्यांचा थर, म्हणजे बुडातून हवा खेळेल. उंची साडेतीन फूट, लांबी-रुंदी चार-चार फूट. वर नारळाचे झाप. याहून लहान ढीग केला तर तयार झालेली ऊब बाहेरच निसटते.

४ ते १२ फेब्रुवारी

दूध तपासायचा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून, पहारीने भोक पाडून आत सोडते.

४ तारखेला ४१ अंश. ६ ला ५७. ८ ला ६३. १२ ला ५५.

८ तारखेला पहाटे झाप उचलला तर वाफ. आईंना बोलावून पहार बाहेर काढून दाखवली. त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आत निखारा ठेवलायस काय?"

५५ च्या वर तीन-चार दिवस राहिलं की तणाचं बहुतेक बी आणि शेणातले रोगजंतू मरतात. भाजावळ जे काम घटकाभरात करते तेच, पण मंद आचेवर. आणि आत असलेल्याच भागात. हे दुसरं वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही. पुढे त्याची किंमत मोजली.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा ढीग. बाळाकाकांचं शेण संपलं, म्हणून वरच्या गवळी-धनगर वाडीवरून शेळ्यांच्या लेंड्या आणल्या, दोन गोणी. उरलेल्या सहा गोणी पानांत मिसळल्या. लेंडी शेणापेक्षा कोरडी आणि नत्राने जड. दिसायला सोपी, पण प्रत्येक लेंडी म्हणजे बंद डबी. रात्रभर पाण्यात भिजत घातल्या, सकाळी पायाने तुडवल्या. निम्म्या फुटल्या, निम्म्या तशाच.

हा ढीग आठव्या दिवशी ५२ पर्यंत गेला, पुढे नाही. आकारही लहान पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या ढिगाची पहिली उलथापालथ. आत उघडल्यावर कळलं की माझं बारीक करणं पुरेसं नव्हतं. सागाचे मोठे तुकडे एकमेकांना पोथीच्या पानांसारखे चिकटून बसलेले, मधे कोरडे ठणठणीत. बाकी सगळं तपकिरी, ऊबदार, आणि मधल्या भागात राख उडाल्यासारखा पांढरट थर. आधी वाटलं बुरशी आली, काम बिघडलं. तसं नाही. तापलेल्या ढिगात उष्णता सोसणारे सूक्ष्मजीव असा थर धरतात. पण तो फार जाड आणि कोरडा असेल तर पाणी कमी आहे असं समजायचं. माझा कोरडाच होता.

सहा कळशा काला ओतत पुन्हा रचला. चौथ्या दिवशी परत ५८.

२७ फेब्रुवारी

दुसरी उलथापालथ. काल महाशिवरात्र, उपास, आज अंगात त्राण नाही. घाईघाईत दाताळ्याने वरचंच इकडून तिकडे केलं. बाहेरची कडा आत गेली का? नाही.

१३ मार्च, होळी

वाडीतली पोरं रात्री लाकडं पळवत फिरतात, तो रिवाजच आहे. ढिगाभोवतीचे बांबू गेले. ढीग आहे.

२२ मार्च

कोंबड्यांनी लेंडीच्या ढिगाची एक बाजू उकरली, म्हणून बघायला गेले तर आत पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या. करंगळीएवढ्या. पहिल्यांदा वाटलं हुमणी, मुळं खाणारी. बाळाकाकांनी एक हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "ही गेंड्याची." म्हणजे गेंड्या भुंगा, नारळाचा. मादी शेणखाताच्या खड्ड्यात, कुजलेल्या पाचोळ्यात अंडी घालते. अळी तिथे फक्त कुजलेलं खाते, कुणाला त्रास देत नाही. त्रास देतो तो पुढचा भुंगा. नारळाच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो आणि ती झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. आमच्या सात माडांपैकी दोनांवर तशा झावळ्या आहेत. आजवर मी दोष दुसऱ्यांच्या उकिरड्याला देत होते.

सगळा ढीग खाली ओढून निवडल्या. ३४ निघाल्या. कोंबड्यांची दिवाळी.

शेणाच्या ढिगात एकही नाही. तो दोनदा नीट तापला, हा अर्धवट. माझ्या मते कारण तेच. यापुढे दर पंधरा दिवसांनी उलथायचं, ढीग थंड झाला तरीही. मेटारायझियम नावाची बुरशी या अळ्यांवर चालते आणि खताच्या खड्ड्यात टाकायला सांगतात. पुढच्या वर्षी आधीच आणून ठेवीन.

६ एप्रिल

विहीर खाली गेली. ढिगाला पाणी म्हणजे भांडी विसळलेलं, साबणाआधीचं. घरात कुरकुर.

१९ एप्रिल

शेणाचा ढीग साडेतीन फुटांवरून सव्वा फुटावर आला. रंग गडद, वास पावसाच्या पहिल्या सरीसारखा. उलथला तरी तापत नाही. पान ओळखू येत नाही, फक्त सागाच्या शिरा जाळीसारख्या उरल्यात. पाव इंची जाळीतून चाळला. तीन गोणी बारीक खत आणि एक गोणी भरड. भरड बाजूला ठेवली, पुढच्या ढिगाचं विरजण.

लेंडीचं खत अजून पाचोळ्यासारखं. दोन बोटांत दाबलं की मधून हिरवट गर निघतो. तरीही चाळून गोणीभर काढलंच, घाई म्हणून.

२३ एप्रिल

पेरण्याआधी चाचणी. परदेशात कंपोस्ट पिकलं की नाही बघायला क्रेस नावाचं बी रुजवून बघतात. ते क्रेस म्हणजे आपला अळीव! बाळंतिणीचे लाडू करतात तो. डबा स्वयंपाकघरात होताच. खतात खार किंवा अमोनिया असेल तर अळीव रुजताना लगेच तक्रार करतो, आणि निकाल चार दिवसांत.

बरण्यांची चार झाकणं, प्रत्येकात २५ दाणे: एकात नुसतं शेणाचं खत, एकात नुसतं लेंडीचं, एकात शेणाचं खत आणि वाळू निम्मी-निम्मी, आणि तुलनेला नुसती धुतलेली वाळू. अळीव भिजला की बुळबुळीत होतो, म्हणून दाणे आधी भिजवायचे नाहीत, कोरडेच टाकून वरून पाणी शिंपडायचं.

२७ एप्रिल

वाळू: २४ रुजले. शेण आणि वाळू: २४. नुसतं शेण: २१, मुळं थोडी आखूड. लेंडी: ८, आणि त्या आठांची मुळांची टोकं तपकिरी.

म्हणजे लेंडीचं खत कच्चं आणि खारट. दिसायला दोन्ही काळीच. नाकाला फरक कळला नव्हता, अळिवाला कळला.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज आळी करून बी टाकायचा दिवस. आईंनी पडवळ, दोडकं आणि तवशाचं, म्हणजे काकडीचं, बी परड्यात टोकलं. मी करवंट्या भरल्या. डोळ्याला भोक पाडलेली करवंटी म्हणजे तयार कुंडी. पाणी खाली निचरतं, आणि मुळं धक्का न लागता निघतात.

मिश्रण: शेणाचं खत एक भाग, नदीची जाडसर वाळू एक भाग, भाताच्या तुसाची काळी राख अर्धा भाग. किनाऱ्याची वाळू इथे फुकट मिळते, पण खारी, ती नको. तुसाची राख पांढरी होईपर्यंत जाळायची नाही. धुमसत ठेवून काळी झाली की पाणी मारायचं. डॉ. ना. के. सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत तरव्याला हीच काळी राख घालायला सांगितलेली आहे, त्यातलं सिलिका रोप ताठ करतं. मला मात्र ती हलकेपणासाठी हवी होती. राख अल्कधर्मी असते, म्हणून अर्ध्या भागावर थांबले. त्यात दोन मुठी ट्रायकोडर्मा, रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी.

२०० करवंट्या. मिरची १२०, वांगी ८०. शिवाय प्रयोग करायची खोड जात नाही म्हणून २० करवंट्यांत नुसतं शेणाचं खत, कशी वाढतात बघायला.

२ मे

आईंनी भाजावळ केली. सांजेला वारा पडल्यावर. पाण्याच्या दोन कळशा आणि हिरव्या डहाळ्या घेऊन मी कडेला उभी, कारण एक ठिणगी कलमांच्या पाचोळ्यात गेली की वणवा. दरसाल कुणाची ना कुणाची बाग अशी जाते. आग मोठी नव्हती, धूर मोठा होता. तासाभरात काळा, स्वच्छ, चौकोनी तुकडा तयार. खरं सांगायचं तर बघून हेवा वाटला.

११ मे, रविवार

मिरची दहाव्या दिवसापासून वर यायला लागली. १२० पैकी १०३. वांगी ८० पैकी ७१.

आणि मिरचीबरोबर टाकळा, माठ, कसलंसं गवत. दर तिसऱ्या करवंटीत काही ना काही. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा आळस! कडेचा भाग आत गेलाच नव्हता, तापलाच नव्हता. ढिगाची साल म्हणजे निम्मा ढीग असतो. बोटभर जाडीची वाटली तरी चौरस ढिगाच्या चारही बाजू आणि माथा धरला तर भरपूर माल तिथेच अडकतो. आईंचा काळा चौकोन स्वच्छ आहे आणि मी चिमट्याने टाकळा उपटतेय. त्या ओट्यावर बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

नुसत्या खतातली २० रोपं: गडद हिरवी, बुटकी, पहिल्या पानांच्या कडा करपलेल्या. बी रुजताना त्याची शिदोरी त्याच्यापाशी असते, जेवण दोन पानांनंतर लागतं. मी पाळण्यातल्या पोराला पंगतीला बसवलं.

२१ मे

पाऊस? मे महिन्यात? काल संध्याकाळपासून गडगडाट आणि सरी. वळीव असेल म्हणून झाप नीट केले, एवढंच.

२५ मे, रविवार

वळीव नव्हता. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा काल रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आला. तीन दिवस वीज नाही. आज मोसमी पाऊस देवगडला पोचल्याची बातमी फोनवर आली, फोन चार्ज होता तेवढ्यात. जूनचा पाहुणा रोहिणीच्या पहिल्याच दिवशी दारात.

करवंट्या पडवीत होत्या, त्या वाचल्या. बाकीचं असं:

चाळलेल्या शेणाच्या खताच्या दोन गोणी मी शहाणपणाने ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. वरून थेंब नाही. पण जागा उंच निवडली होती ढिगासाठी, गोण्यांसाठी नाही. खालून पाणी वाहिलं, गोण्या बुडाशी भिजल्या आणि वरून ताडपत्रीने हवा कोंडली. उघडल्यावर सडलेल्या अंड्यांचा वास. खत काळं, चिकट. जवळजवळ चार महिने जपलेलं.

लेंडीचं खत मात्र उघड्यावर, झापाशिवाय, कारण ते मी मनातून काढूनच टाकलं होतं. चार दिवस त्याच्यावर मुसळधार. खालून चहासारखं पाणी वाहून फणसाच्या बुंध्याशी गेलंय.

आईंचा राब: काळी राख पहिल्याच दिवशी उताराला लागली. भात अजून पेरलं नव्हतं, रोहिणीत पेरायचं म्हणून. आता त्या तुकड्यात चिखल आहे आणि राख खालच्या शेजाऱ्यांच्या बांधाला. आज दोघीही पडवीत बसून बाहेर बघत होतो. "काय गो," त्या म्हणाल्या, "तुझंही गेलं, माझंही गेलं." मुंबईत पाऊस उद्या-परवा पोचेल म्हणतात, तिथली नेहमीची तारीख ११ जून. नेहमीचं काही उरलेलं नाही.

२८ मे

आंबट झालेलं खत पडवीत पत्र्यावर बोटभर जाडीने पसरलं. हवा लागली की कुजका वास निघून जातो, पण उन्हाशिवाय वेळ लागतो. रोज दोनदा हाताने मोकळं करते.

वीज आली.

३ जून

वास गेला. कुतूहल म्हणून पुन्हा अळीव, २५-२५ दाणे. या वेळी लेंडीचं धुतलं गेलेलं खतही घेतलं.

७ जून

सुधारलेलं शेणाचं खत: १९. लेंडीचं: २३.

दोनदा मोजले. लेंडीच्या झाकणातली मुळं पांढरी, लांब, आडवी-तिडवी. एप्रिलमध्ये ८ होते. पावसाने खार धुऊन नेला आणि मधल्या सहा आठवड्यांत आतला हिरवट गरही पिकला. खाराबरोबर बरंचसं नत्रही गेलं असणार, चहाच्या रंगाचं ते पाणी काही नुसतं पाणी नव्हतं. वाफ्यात टाकायचं असतं तर मी रडले असते. बी रुजवायला असं कमी ताकदीचं खतच चालतं. फणसाची चैन झाली.

पण असं पावसाच्या भरवशावर कसं ठेवायचं? पुढच्या वर्षी लेंडीचं खत टोपलीत भरून पाण्याने दोनदा धुवायचं आणि ते पाणी केळीला द्यायचं. विहिरीला पाणी असेल तेव्हा, म्हणजे मार्चआधी.

८ जून, मृग

लेंडीचं खत एक, वाळू एक, काळी राख अर्धा. प्रो-ट्रेचे ९८ घरांचे दोन ट्रे भरले, वांगी आणि उशिराची मिरची. तण? सकाळी चाळताना टाकळ्याचं बी दिसलं, चार-पाच. ५२ अंशांवर थांबलेला ढीग, दुसरं काय होणार? म्हणून ट्रे भरण्याआधी ओलं मिश्रण पत्र्यावर पसरून चुलीवर ठेवलं आणि हात लावता येईना इतकं तापवलं, मग निववलं. आईंनी बघितलं.

"शेवटी भाजलंसच ना."

हो, भाजलं.

१९ जून

वाईट आठवडा. पडवीत दमट हवा, मी रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालतेय, आणि करवंट्यांतली १४ रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी झाली. रोप कोलमडणं. बुरशी कुठे नसते? तिला पाणी मी दिलं. पडवीत रोज दोनदा पाणी लागत नाही, एवढं साधं. करवंट्या एकमेकींपासून हातभर लांब केल्या, पाणी दोन दिवसांआड, तेही करवंटी उचलून हलकी लागली तरच.

भाजलेल्या मिश्रणाच्या ट्रेमध्ये एकही कोलमडलं नाही. पण ती रोपं अजून लहान आहेत, आनंद लवकर नको.

२२ जून

आईंनी चिखलातच रहू केलं, म्हणजे बी भिजवून मोड आणून चिखलावर फेकलं. तरवा आला आहे, तणही आलं आहे. दोघी मिळून बेणतो. ही बेणणी भाजावळीच्या तरव्यात कधी करावी लागली नव्हती, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा मी म्हटलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

मोजणी. करवंट्यांतली मिरची ८६, वांगी ६२. नुसत्या खतातल्या २० पैकी ११ जगली, अजून बुटकी. ट्रेमधली १९६ पैकी १७१, दोन-तीन आठवड्यांनी लावण्याजोगी होतील. एकूण ३३०. चारशे नाहीत.

करवंटीतलं एक रोप उपडं करून बघितलं. मुळांनी माती सगळीकडून धरून ठेवलेली, सागाच्या शिरांचे तुकडे मुळांत अडकलेले, खडखडीत पांढरी टोकं. कोकोपीटमध्ये गेल्या वर्षी मुळं अशी पांढरी दिसली नव्हती.

गटाला उद्या १०० देणार. बाळाकाकांची २५ वेगळी काढली.

१३ जुलै, रविवार

बाळाकाकांकडे २५ रोपं पोचवली, करवंटीसकट. त्यांनी एकेक उचलून खोड बघितलं, दोन परत दिली, "ही वाकडी." बदलून दिली. मग म्हणाले, शेण यंदा जानेवारीत नाही, डिसेंबरातच घेऊन जा, म्हणजे त्यांचा राब अडत नाही.

चाळणीवरची भरड नव्या ढिगासाठी पिंपात. दाताळ्याचा दांडा मोडलाय, नवा हवा, ऐनाचा. दिवाळीनंतर शोधायचा.